सिग्नलला पुढं सरकणारी स्कूटर आणि पंधरा वर्षांनंतरचं पासिंग

8 जानेवारी 2025, बुधवार. कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला थांबले होते. डाव्या हातानं ब्रेक धरलेला, पायापाशी ब्लाउजपिसांची पिशवी. पिशवी घसरायला लागली म्हणून तिला सावरायला डावा हात सोडला, तेवढ्यात स्कूटर आपणहून पुढं गेली आणि समोरच्या रिक्षाला मागून टेकली. रिक्षावाले काका उतरले, वाकून बघितलं. ओरखडाही नव्हता. "ताई, रेस सोडा की," एवढंच म्हणाले. मी रेस दिलीच नव्हती, पण तिथं कुणाला सांगणार?

दिवाळीनंतर हे सुरू झालं होतं. सकाळी गार गाडी दोन-तीन वेळा बंद पडायची. तीच गाडी तासभर फिरून तापली की इंजिनाचा आवाज चढायचा आणि थांबल्यावर मागचं चाक पुढं ढकलत राहायचं. प्रत्येक सिग्नलला ब्रेक आवळून धरायचा. माझं शिवणाचं काम आहे. राजारामपुरीतून महाद्वार रोडला अस्तर, लेस, हुक आणायला आठवड्यातून तीन-चार फेऱ्या होतात. संध्याकाळी कात्री धरली की डाव्या हाताची बोटं आखडलेली असायची. त्याचं कारण ब्रेक आहे हे कळायला मला दोन महिने लागले.

गाडी आबांची. 110 सीसी, चार स्ट्रोकची, गिअर नसलेली, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग). आबांना आता चालवणं होत नाही, म्हणून माझ्याकडं आली. त्या रात्री घरी येऊन विम्याचे कागद बघावेत म्हणून डिकीतली पिशवी काढली तर आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, हातात आली. नोंदणीची मुदत 22 मार्च 2025. म्हणजे पंधरा वर्षं भरत आली होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आपल्याकडं सगळे त्याला रिपासिंगच म्हणतात. पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) तर ऑक्टोबरातच संपलेली. एका बाजूला बिघडलेली गाडी, दुसऱ्या बाजूला सरकारी मुदत, आणि मला दोन्हीतलं काही कळत नव्हतं. गाडी भंगारात देऊन टाकावी असा विचारही त्या रात्री आला. आबांना मात्र तो बोलून दाखवला नाही.

आधी चुकलेल्या वाटा सांगते, कारण त्यातच वेळ आणि पैसा जातो. दिवाळीनंतर मी एका गॅरेजात सर्व्हिसिंग केलं होतं, 450 रुपये. "गाडी पुढं सरकते" म्हटल्यावर तिथल्या मुलानं सकाळच्या गार गाडीवरच रेसिंगचा, म्हणजे मूठ न पिळता इंजिन संथ चालतं तो वेग ठरवणारा, स्क्रू सोडवून आवाज खाली आणला. मग गाडी गचके खायला लागली, म्हणून दुसरा एक स्क्रू फिरवला. किती फिरवला, कुठल्या बाजूला, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन दिवस बरं वाटलं. 11 जानेवारीला दुसऱ्या ठिकाणी दाखवली. तिथं लक्षण ऐकूनच निदान झालं, "क्लच गेला, पूर्ण सेट बदलावा लागेल, 2800. माल यायला आठ दिवस." मी हो म्हणणारच होते. पण हातात तेवढे पैसे नव्हते. आज वाटतं, नव्हते तेच बरं झालं.

दरम्यान 16 जानेवारीला पीयूसीला गेले, म्हटलं निदान एक कागद तरी हातात येईल. केंद्रावरच्या दादांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, गाडी रेस न देता नुसती चालू ठेवली. हे मला तेव्हा पहिल्यांदाच नीट कळलं, की पेट्रोल दुचाकीची ही तपासणी गाडी उभी असताना, संथ रेसिंगवरच होते. म्हणजे रेसिंग बिघडलं की पीयूसीही बिघडते. 1 एप्रिल 2000 नंतर बनलेल्या चार स्ट्रोक दुचाकीला, माझ्या गाडीच्या काळातल्या, दोन मर्यादा आहेत. कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, 4500 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). माझा कार्बन मोनॉक्साइड 0.8 आला, झकास. हायड्रोकार्बन 6120. नापास. "इंजिनात पेट्रोल नीट जळंना झालंय, कच्चंच बाहेर पडतंय. मेस्त्रीला दाखवा," दादा म्हणाले. 50 रुपये गेले. पण तो छापील कागद मी जपून ठेवला आणि पुढं तोच कामाला आला. नापास झालात तरी आकड्यांचा कागद मागून घ्या.

शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्रीमामा मला माझ्या शिलाई मशीनच्या मोटरमुळं माहीत होते. तिथल्या एका बोळात त्यांचं छोटं दुकान. बाहेर लेथचा आवाज, ओतकामाचा वास. आत पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, ग्रास कटर, जुन्या स्कूटरी, सगळंच. 20 जानेवारीला सोमवारी गाडी तिकडं नेली. मुद्दाम लांबून फिरवून, तापवून नेली. गार असताना दुखणं दिसतच नाही हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं.

मामांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "गार असताना सरकती का तापल्यावर?"

"तापल्यावर. गार असताना बंद पडते."

"मग क्लचला कशाला हात लावायचा आधी? इकडं या, दाखवतो."

बाकावर एका शेतकऱ्याचा ग्रास कटर उघडून ठेवला होता. त्याचा क्लच तळहाताएवढा. मधे दोन वक्र तुकडे, त्यांना आत ओढून धरणारी एक स्प्रिंग, आणि बाहेरून झाकणारी लोखंडी वाटी. इंजिन हळू फिरतंय तोवर स्प्रिंग त्या तुकड्यांना, म्हणजे क्लच शूंना, आत धरून ठेवते. वेग वाढला की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेर ओढले जातात, वाटीला आतून घासतात आणि वाटीला बरोबर घेऊन फिरतात. वाटी फिरली की कटरचं पातं फिरतं. स्कूटरमध्येही हेच. फक्त तिथं तीन शू असतात, पुढं बेल्ट आणि व्हेरिएटर (वेगाप्रमाणं आपोआप गिअर बदलल्यासारखं काम करणारी कप्पी) असतो, आणि वाटीच्या पलीकडं पात्याच्या जागी मागचं चाक. मामा म्हणाले, "ह्या कटरचं पातं नुसत्या रेसिंगवर फिरत होतं. उसाच्या बांधावर माणसाचा पाय कापला असता. क्लच चांगला हाय, रेसिंगच कुणीतरी चढवून ठेवलंय."

माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळं लख्ख झालं. गाडीच्या पुस्तकात रेसिंग मिनिटाला 1700 फेरे दिलंय, शंभर इकडंतिकडं चालतं. क्लच साधारण अडीच ते तीन हजारांच्या मधे पकडायला लागतो. या दोन आकड्यांमध्ये जी मोकळी जागा आहे, तिच्यावर गाडी सिग्नलला उभी राहते. रेसिंग वर चढलं तरी ती जागा संपते, क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या पडून तो लवकर पकडायला लागला तरी संपते. वरून दोन्हीचं लक्षण एकच. म्हणून रेसिंग ठीक असल्याची खात्री केल्याशिवाय क्लच उघडायचा नाही, हा क्रम. 2800 रुपयांचा क्लच घातला असता आणि रेसिंग तापून 2500 ला जात असतं, तर नवा क्लचही सिग्नलला घासत बसला असता.

मग मामांनी तपासायला घेतलं. मी वही काढली. आधी हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं फिरवलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही. मूठ दोन-चार मिलिमीटर मोकळी फिरून मगच केबल ओढते का, ते बघितलं. चोकची दांडी पूर्ण मागं येते का, ते बघितलं. एअर फिल्टर काढला तर काळा कुळकुळीत. तो बदलायचा ठरला. शेवटी एका बाटलीतल्या पाण्याचा बारीक फवारा कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरावर मारला. आवाज एकदम खाली पडला, गचकला, परत चढला.

"हे बघा तुमचं दुखणं."

टॉर्च धरल्यावर रबराच्या खालच्या बाजूला केसाएवढी चीर दिसली. तिथून जास्तीची हवा आत जात होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून गार असताना बंद पडणं. तापल्यावर रबर मऊ होऊन चीर उघडायची, आणखी हवा जायची आणि आवाज चढायचा. पीयूसीच्या कागदावरचं 6120 पण त्यातलंच. मिश्रण इतकं पातळ की मधेमधे ठिणगी पडूनही जळत नव्हतं. एक गोष्ट मामांनी दोनदा बजावली. ही तपासणी पाण्यानंच करायची. पेट्रोल शिंपडून बघणारे लोक आहेत, तापलेल्या इंजिनावर ते भलतंच धोक्याचं.

रबर त्या दिवशी मिळालं नाही. शाहूपुरीतल्या दुकानानं मागवून दिलं, तीन दिवस गेले. रबर 160, फिल्टर 210. 23 तारखेला बसवलं. बसवल्यावर गाडी रेसिंगला थांबेचना, कारण पहिल्या गॅरेजात स्क्रू पार खाली आणलेला होता आणि इतके दिवस ती चिरेतून येणाऱ्या हवेवर जगत होती. मामांनी रेसिंगचा स्क्रू चढवून गाडी तात्पुरती चालू केली आणि म्हणाले, "आज हवा-पेट्रोल लावत न्हाई. दोन दिवस चालवा, शनवारी तापवून घेऊन या."

मी ऐकलं नाही. सरकायची बंद झाली या आनंदात दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, परत पीयूसीला गेले. हायड्रोकार्बन 1300, उत्तम. कार्बन मोनॉक्साइड 4.9. नापास. आणखी 50 रुपये. केंद्राबाहेर पायरीवर बसून दोन्ही कागद शेजारी ठेवले. आधी एक आकडा चुकला, आता दुसरा. मला रडू येणार होतं. कामाची तीन गिऱ्हाइकं घरी वाट बघत होती. तिथंच एकानं सांगितलं, की अमुक ठिकाणी जा, नळी न घालताच कागद मिळेल. नाही गेले. कागद मिळाला असता, पण गाडीत काय चुकलंय ते मला कधीच कळलं नसतं.

शनिवारी मामांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी लगेच सांगितलं, "चीर व्हती तवा त्या पोरानं पेट्रोल वाढवून ठेवलेलं. आता चीर गेली, वाढवलेलं पेट्रोल तसंच ऱ्हायलं." म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वाढणं हे पेट्रोल जास्त झाल्याचं लक्षण, आणि माझ्या पहिल्या कागदावरचं हायड्रोकार्बन हवा जास्त झाल्याचं. पेट्रोल फारच वाढलं तर हायड्रोकार्बनही चढतो, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे.

आता तो दुसरा स्क्रू. सगळे त्याला एअर स्क्रूच म्हणतात, आणि घोटाळा तिथंच होतो. स्क्रू कार्बोरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो खरोखर हवेचा. बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा; बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. माझ्या गाडीत इंजिनाच्या बाजूला आहे. नात्यातल्या कुणीतरी "स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढ" म्हणून सांगितलं आणि त्यांची गाडी वेगळी असली, तर तुम्ही बरोबर उलटं कराल.

मामांनी मला शेजारी बसवलं. "शिवणाची मशीन लावता न्हवं? हे त्येच हाय." आणि खरंच तेच होतं. बॉबिन केसचा टाक्याचा स्क्रू फिरवायच्या आधी मी नेहमी तो कुठं होता ते खडूनं खुणावते आणि पाव-पाव फेरा फिरवते. इथं आधी तो स्क्रू अलगद आत नेऊन टेकवला आणि किती फेरे आत गेला ते मोजलं. साडेतीन! टेकल्यावर जोर लावायचा नाही, त्याचं सुईसारखं टोक बसायच्या जागेत रुतून ती जागा कायमची खराब होते. मग दोन फेरे बाहेर, आणि गाडी चालू.

गाडी तापलेली असणं यात सगळ्यात महत्त्वाचं. दहा-पंधरा मिनिटं चालवलेली, चोक पूर्ण मागं, दिव्याचं बटण बंद. रेसिंगचा स्क्रू फिरवून आवाज जरा बरा केला. मग मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत, थांबायचं, ऐकायचं. पाव फेरा बाहेर, थांबायचं, ऐकायचं. कुठंतरी एका जागी आवाज सगळ्यात वर जातो आणि गोल होतो, धडधड कमी होते. ती जागा. तिथं आणल्यावर रेसिंग चढतं, मग रेसिंगचा स्क्रू सोडवून ते परत 1700 ला. परत एकदा दोन्ही. शेवटी एकदम रेस देऊन सोडायची; आवाज पटकन खाली यावा, वर लोंबकळू नये आणि खाली बुडून बंदही पडू नये. माझी गाडी सव्वादोन फेऱ्यांवर स्थिरावली.

मामा हे सगळं कानानं करतात. मला कानाचा भरवसा नव्हता, म्हणून धाकट्या भावाकडून त्याचं फेरे मोजायचं छोटं मीटर आणलं होतं. त्याची वायर प्लगच्या जाड वायरीभोवती गुंडाळायची, उघडी तार कुठंही लावायची नाही. पहिल्यांदा आकडा आला 3400. मी घाबरले. मग भावाला फोन केल्यावर कळलं, की अशा एका सिलिंडरच्या बऱ्याच चार स्ट्रोक गाड्यांमध्ये ठिणगी इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला पडते, जळणाला उपयोगी मात्र एकाआड एक पडते. मीटर "दोन फेऱ्यांना एक ठिणगी" यावर लावलेलं होतं, म्हणून दुप्पट दाखवत होतं. सेटिंग बदललं आणि 1700 दिसले. मामांचा कान बरोबर होता. त्या दिवसाची आणि आधीची मिळून मजुरी त्यांनी 250 घेतली.

हे घरी करून बघणार असाल तर उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये, जिन्याखाली इंजिन चालू ठेवू नका; तो कार्बन मोनॉक्साइड कागदावरचा आकडा नाही, विषारी वायू आहे, त्याला वासही नसतो. गाडी मधल्या स्टँडवर असली तर मागचं चाक फिरेल हे धरून साडीचा पदर, ओढणी, लहान मुलं लांब ठेवा. सायलेन्सरनं माझ्या मनगटाला एक चटका दिलाच.

27 जानेवारी, सोमवार, तिसरी पीयूसी. कार्बन मोनॉक्साइड 1.4, हायड्रोकार्बन 620. पास. केंद्रावरच्या दादांनी मला ओळखलं, म्हणाले, "झाली की हो शेवटी." 2010 च्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांची मिळते, भारत स्टेज चार (धुराचे नंतरचे कडक नियम) आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची.

रेसिंग आता 1700 ला ठाम होतं. तरीही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की पूर्वीसारखी जोरात नाही, पण लांब फिरून आल्यावर गाडी अजून किंचित सरकते. आणि निघताना एक थरथर येते, पायाखालची पत्र्याची फळी हलते. मीटर लावून बघितलं, तापल्यावरही 1700. म्हणजे आता खरोखर क्लचची पाळी.

11 फेब्रुवारीला मामांनी डावीकडचं झाकण उघडलं. वाटीच्या नटाला त्यांनी हवेची गन लावली. घरी नुसत्या पान्यानं तो सुटत नाही आणि वाटी धरायला खास साधन लागतं. तीन शूंच्या तीन स्प्रिंगांपैकी एक ताणून लांब झाली होती, बाकी दोघींच्या शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना दिसत होतं. तो एक शू लवकर बाहेर येत होता. शूंच्या तोंडावर काचेसारखी चकाकी आली होती, निघतानाची थरथर तीच. शूंची जाडी पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या बरीच वर, वाटीला आतून खड्डे नाहीत. म्हणजे 2800 चा सेट बदलायची गरजच नव्हती. तीनही स्प्रिंगा नव्या घातल्या, 90 रुपये. एकच बदलू नका, तिघी सारख्या लागतात. शूंची तोंडं आणि वाटीची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासून घेतली. आतली काळी भुकटी फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. क्लच-ब्रेकच्या अस्तराची ती धूळ छातीत जायला नको. मजुरी 400.

आणि हे काम मात्र घरी करू नका, असं मी काळजीनं सांगते. शूंचा संच ज्या मोठ्या नटानं बसवलेला असतो त्याच्यामागं एक जाड स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. दाबून न धरता नट सोडवला तर सगळं तोंडावर उडतं. मामांनी सुद्धा गुडघ्याखाली दाबून, दुसऱ्या माणसाच्या मदतीनंच सोडवला.

गिअरच्या गाडीचं वेगळं असतं, कारण तिथं क्लच हातात असतो. भावाच्या मोटारसायकलचं त्याच दिवशी बघून घेतलं. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल हवी. चालच नसेल तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि चढाला इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. फार असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येऊन गाडी पुढं उडी मारते. त्याची केबल दोन मिनिटांत लागली.

17 तारखेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आले. खेट्यांचे रविवार, म्हणजे भाविक लागोपाठ दर्शनाला जातात ते, सुरू होते, म्हणून मुद्दाम सोमवार निवडला. चढावर मधेच थांबून परत निघाले, तीन वेळा. थरथर नाही, जळका वास नाही. उतरताना वळणावर थांबले तर गाडी जागेवर उभी. संध्याकाळी दसरा चौकात आले, सिग्नल लाल. डावी बोटं सवयीनं आवळलेलीच होती. एकेक सोडली. गाडी हलली नाही. गुलाल लागलेल्या पिशवीवर हात ठेवून मी सिग्नल सुटेपर्यंत तशीच उभी राहिले.

आता कागदांचं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो, नमुना 25. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर आरसीला जोडलेला हवा. माझा नव्हता, आबांचा जुना नंबर होता, तो बदलण्यात एक दिवस गेला. त्याआधी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची झाली होती आणि तेव्हा 31 मार्चची मुदत सांगितली जात होती, पुढं ती वाढत गेली. दुचाकीला 531 रुपये. 28 जानेवारीला ऑनलाइन नोंदवली, 21 फेब्रुवारीला बसवून मिळाली. साडेतीन आठवडे. म्हणून ती सगळ्यात आधी नोंदवा, गाडीची दुरुस्ती चालू असली तरी.

24 फेब्रुवारीला अर्ज भरला. नूतनीकरण 1000, स्मार्ट कार्ड 200, आणि पंधरा वर्षांवरच्या दुचाकीचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी 2000. मुदत संपल्यावर गेलं तर दुचाकीला दर महिन्याला 300 रुपये जादा लागतात. मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन, पैसे भरल्याच्या पावत्या आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ही प्रिंट म्हणजे चेसिसवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची. नंबर तेलकट मातीखाली गाडला गेला होता. रॉकेलच्या फडक्यानं पुसून, चार कागद वाया घालवून पाचव्यावर नीट उमटला. घरीच करून न्या, आरटीओच्या आवारात वाकून करायला फार अवघड. अर्ज आबांच्या नावाचा, त्यामुळं सह्या त्यांच्या. त्यांचा हात थरथरतो. सही आरसीशी जुळली नाही तर काय, या काळजीनं मी त्यांना कोऱ्या कागदावर चार वेळा गिरवायला लावलं. ते न चिडता गिरवत बसले.

5 मार्चला गाडी दाखवायची वेळ मिळाली होती. आबांना रिक्षात बसवलं, मी स्कूटरवर मागं. सकाळी साडेदहाला पोचलो, दुपारी दीडला मोकळे झालो. निरीक्षक साहेबांनी चेसिस नंबर जुळवला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक बघितले, गाडी चालू करायला सांगितली. पहिल्या किकला चालू झाली आणि संथ आवाजात उभी राहिली. आबा सावलीत बाकावर बसून ऐकत होते. "आता बरोबर लागलंय," एवढंच म्हणाले. आमच्या घरातलं हे मोठं कौतुक.

ऑनलाइन मंजुरी बारा दिवसांनी दिसली, कार्ड पोस्टानं 4 एप्रिलला आलं. मुदत 2030 पर्यंत. पहिल्या गॅरेजचे 450 धरून दुरुस्तीचे 1560, तीन पीयूसींचे 150, नंबरप्लेट 531 आणि सरकारी 3200, मिळून 5441 रुपये. विमा वेगळा.

वहीत मापांच्या पानांमध्ये एक पान आता गाडीचं आहे. "मिश्रण सव्वादोन फेरे, रेसिंग 1700, स्प्रिंगा 11 फेब्रु., पीयूसी संपते 26 जुलै." परवा शेजारच्या वहिनी ब्लाउज न्यायला आल्या, जाताना म्हणाल्या, माझी गाडी फाटकातच पुढं पळते, क्लच बदलायला सांगितलाय. मी विचारलं, गार असताना की तापल्यावर? "तापल्यावर," म्हणाल्या. मी टॉर्च आणि कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली घेऊन खाली उतरले.